खिशांचं टेबल

"दाताचं सांग," धाकटी म्हणाली आणि चादरीची दोन टोकं चिमटीत धरून मागे सरकली. "दात सगळ्यांना असतात. कुणी खोलात जात नाही."

"माझे दात धडधाकट आहेत."

"मग डोळ्यांचं सांग. कंबरेचं सांग. मावससासू गेली म्हणून सांग. काहीही सांग, पण ते सांगू नकोस."

"तेच सांगणार," थोरली म्हणाली आणि तिने आपल्या बाजूची टोकं अशी झटकली की चादरीचा फटका हवेत वाजला.

चादर दोघींमध्ये ताणली गेली. एकदा दुमडली तशा दोघी जवळ आल्या, मग लांब गेल्या, मग पुन्हा जवळ आल्या. इस्पितळाच्या तळघरातल्या या धुलाईखान्यात मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. एकटीच्या हातात ती लोळते, जमिनीला टेकते आणि पुन्हा धुवायला जाते. थोरली आणि धाकटी वर्षानुवर्षं अशा समोरासमोर उभ्या होत्या. रक्ताचं नातं नाही, सासर वेगळं, माहेर वेगळं. पण चादरीच्या दोन टोकांना उभं राहून त्या ज्या तऱ्हेने भांडत, ते पाहून कुणीतरी कधीतरी त्यांना जावा-जावा म्हटलं आणि ते चिकटलं. चादर दोघींची, कड दोघींची, मनातली सुरकुती मात्र जिची तिची.

थोरलीला एका तासाची सुट्टी हवी होती. दर गुरुवारी, तीन वाजता. वर दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत काही माणसं जमत. फोनवर पैसे लावून खेळायचा नाद लागलेली, तो सुटत नसलेली माणसं. इस्पितळातल्या समुपदेशक मॅडम त्यांच्यासोबत बसत. कामाच्या वेळात तिथं जायचं तर सुपरवायझरला कारण द्यावं लागणार होतं. सुपरवायझरला सगळे शिट्टी म्हणत. यंत्रांच्या घरघरीत त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नसे, म्हणून तो गळ्यात शिट्टी अडकवूनच हिंडे.

"त्याला कळलं की टेबल गेलं तुझं," धाकटी म्हणाली. "लिहून ठेव."

"जाईल तर जाईल."

"जाईल तर जाईल म्हणे! इतकं सोपं असतं तर घरी बसून लोणी नसतं काढलं मी?"

थोरलीने पुढची चादर उचलली. टेबल जाणं सोपं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

वॉर्डातून, ऑपरेशनच्या खोल्यांतून, बाह्यरुग्ण विभागातून आलेला प्रत्येक कोट, प्रत्येक गाऊन यंत्रात पडण्याआधी त्या टेबलावर येई. थोरली त्याचे खिसे उलटे करी. वरचा, खालचे, आतला. खिशात माणसं काय काय विसरतात! हात धुताना काढलेली अंगठी. कुणाला तरी द्यायच्या म्हणून वेगळ्या ठेवलेल्या नोटा. अर्धं खाल्लेलं चॉकलेट. एकदा तर दुधाचा दात, कागदात गुंडाळलेला. थोरली सगळं चिठ्ठी लावून पत्र्याच्या पेटीत ठेवी आणि संध्याकाळी ज्याचं त्याला पोचतं होई. बड्या सर्जनबाई एकदा स्वतः तळघरात उतरून आल्या होत्या, अंगठी हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. त्या टेबलावर कुणालाही बसवत नसत. माणूस पारखून बसवत. थोरलीला शाळेत कधी पहिला नंबर मिळाला नव्हता, लग्नात मानपान मिळाला नव्हता. तिला ते टेबल मिळालं होतं.

आणि त्याच टेबलाखाली, एप्रनच्या आडोशाला, मांडीवर फोन ठेवून ती चाक फिरवत असे.

फोन लेकीने दिला होता, जुना, स्वतःचा. त्यावर कुठूनसं एक रंगीत चाक आलं. पहिल्यांदा फुकट फिरलं. ज्या बाईने जन्मभर यंत्राचे ड्रम फिरताना पाहिले, तिला आणखी एका फिरण्याचं काय नवल वाटावं? पण नवल वाटलं. इथलं चाक फिरून थांबायचं तेव्हा तिच्या पुढ्यात ओल्या कपड्यांचा ढीग पडायचा. तिथलं थांबायचं तेव्हा फुलं उधळायची, घंटा वाजायची, आणि कुणीतरी म्हणायचं, वा! तिच्या कामाला वा कुणी म्हटलं होतं? मग ते वा विकत मिळू लागलं. मग महाग झालं. मग फुलं थांबली, तरी बोट थांबेना. घरखर्चातलं गेलं, बांगड्या गेल्या, आणि शेवटी लेकीच्या प्रयोगशाळेच्या कोर्सची फी गेली. लेक औषधांच्या दुकानात उभी राहू लागली. एक वर्षाचाच प्रश्न आहे, म्हणाली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

पण टेबलावरच्या वस्तूंना थोरलीने हात लावला नाही. एकदाही नाही. पाचही बोटं आगीत असताना ती पेटी तिने जशीच्या तशी पोचती केली. हे तिचं तिलाच माहीत होतं आणि दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

पावसाळा सरता सरता तो निळा दिवस आला. चाक फिरत होतं, ती हरत होती, हात आपोआप कोट उलटेपालटे करत होते. एका कोटाचा आतला खिसा राहिला. त्यात पेन होतं. ड्रम उघडला तर आतले सगळेच्या सगळे कोट निळे. फिक्कट नाही, ठिपके नाहीत, पसरलेली, फुललेली निळाई, जणू कुणी आभाळ पिळून ओतलं असावं. धुलाईखान्यात याहून मोठी नामुष्की नसते. शिट्टीने शिट्टी फुंकली, यंत्रं थांबली, आणि थोरलीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत धाकटी पुढे झाली.

"माझी चूक. घाईत मीच ढीग तपासायच्या आधी उचलला."

धाकटीला सगळ्यांसमोर बोलणी बसली, पगारातून कापलं गेलं. त्या दिवशी चादरी दुमडताना थोरली म्हणाली, "का केलंस?" तर धाकटी म्हणाली, "टेबल गेलं असतं तर तू जगली नसतीस म्हणून. आता ते डबडं फेकून दे आणि गप चादर धर."

थोरलीने त्या संध्याकाळी घरी सगळं ओकून टाकलं. नवरा शाळेची बस चालवायचा, शांत माणूस. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग त्याने फोन काढून घेतला, पिठाच्या डब्यात पुरला आणि म्हणाला, "घरातली गोष्ट घरात राहू दे. लेकीच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे. संपलं."

तिने शपथ घेतली. मनापासून घेतली. आणि आठवडा उलटायच्या आत फोनला चिकटलेलं पीठ फुंकताना नवऱ्याने तिला पकडलं.

"शपथ खाल्लीस ना?"

"खाल्ली. पचली."

हे ती निर्लज्जपणे बोलली नव्हती. तिलाही त्याचाच धसका बसला होता. लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, मला शपथबिपथ नको. तू कुठं जातेस, काय करतेस, ते सांगून जा. खोटं सांगू नकोस, एवढंच कर. बाकीचं बघू आपण."

एवढंच! थोरलीला वाटलं, पोरीने माझ्याकडे चंद्र मागितला असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात समुपदेशक मॅडमच्या खोलीचे पडदे धुवायला आले. मॅडम पडदे मोजून द्यायला स्वतः खाली आल्या होत्या. थोरलीने विचारलं, "त्या खोलीत काय करता हो तुम्ही?"

"बसतो. बोलतो."

"पडदे लावून?"

"ज्यांना हवे त्यांच्यासाठी लावतो."

"फोनवरचं चाक सुटत नाही, त्यांना येता येतं?"

मॅडमनी मान वर केली. कुणासाठी विचारताय, असं त्यांनी विचारलं नाही. "गुरुवारी तीनला," त्या म्हणाल्या. "या."

घरी नवरा ऐकून उसळला. शांत माणूस उसळतो तेव्हा त्याचे कान लाल होतात, तसे झाले. "तुझ्याच इस्पितळात? चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड माझं आहे. दाखवीन तिथं दाखवीन."

"आणि माझं?"

"तुमचं तोंड कुणी पाहतं का हो? पोरं मागून तुमचं टक्कलच बघतात."

लेक हसली. किती दिवसांनी हसली! नवऱ्याला हसायचं नव्हतं, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि तो पाणी प्यायला आत गेला.

आता गुरुवार उजाडला होता. शेवटची चादर चौकोनी होऊन ढिगावर बसली. धाकटीने तिच्यावरून उगाच हात फिरवला.

"आणि माझं काय?" ती हळू म्हणाली. "तू खरं सांगितलंस तर मी खोटी पडते. पेनचं मी अंगावर घेतलं होतं."

"तेही सांगणार आहे."

"माझं काय ते माझं मी बघेन! तुला कुणी सांगितलंय?"

"तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस. मी ती तुझ्या अंगावर वाळू देणार नाही."

"उपकार नकोत तुझे."

"मलाही तुझे नको होते. विचारलं होतंस?"

धाकटीने तोंड फिरवलं. थोरली हात पुसून शिट्टीच्या काचेच्या खोलीकडे निघाली.

शिट्टी हजेरी लावत होता. चष्म्यावरून बघत म्हणाला, "बोला, मावशी."

"दर गुरुवारी तासभर वर जायचंय."

"दात का?"

"तुम्हा सगळ्यांना माझ्या दातांची एवढी काळजी का पडलीय? दात नाही. मी फोनवर पैसे लावून खेळते. सुटत नाही. वर मॅडमकडे बसतात, तिथं जायचंय."

शिट्टीने पेन खाली ठेवलं. दाराकडे पाहिलं, दार लोटून घेतलं. "हे मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "मी दात लिहितो. तुम्ही निवांत जा. माझी काही हरकत नाही."

"माझी आहे."

"अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतोय! मी हे ऐकलं असं ठरलं, तर तुम्हाला खिशांच्या टेबलावर ठेवता येईल का मला? उद्या एक अंगठी इकडची तिकडे झाली, तर वरचे माझी पाठ सोलतील. म्हणतील, माहीत असून बसवलंस?"

"इतके दिवस बसले होते. काही गेलं?"

"नाही गेलं. म्हणून तर म्हणतो, दात."

थोरलीला क्षणभर टेबल दिसलं. दगडी फरशीवर त्याचे पाय रुतून पडलेले चार खळगे, तिच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली कडा. दात म्हटलं की ते तिचं राहणार होतं. मग पुढच्या गुरुवारी दात, त्याच्या पुढच्या गुरुवारी दात. असल्या छोट्या छोट्या खोट्यांवरच तर ते चाक इतकी वर्षं फिरलं होतं. उशीर का झाला? बस चुकली. बांगड्या कुठं आहेत? दुरुस्तीला दिल्यात. फी भरली का? भरते.

"टेबल काढून घ्या," ती म्हणाली. "पण बाहेर खरं कारण सांगा. हिने चोरी केली म्हणून काढलं, असं कुणाच्या डोक्यात राहता कामा नये."

"मी कशाला काय सांगू?"

"नका सांगू. मी सांगते. तुम्ही नुसती शिट्टी वाजवा."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"वाजवता, की मी वाजवू? गळ्यात हात घालीन, मग लोक भलतंच बोलतील."

शिट्टी चटकन दोन पावलं मागे सरकला. आणि काय वाटलं त्याला कोण जाणे, तो बाहेर आला आणि त्याने शिट्टी फुंकली. एकेक करून यंत्रं थांबली. ड्रम गरगरत मंद झाले, गळत्या पाण्याचा आवाज तेवढा उरला. रोलरवरचे, भट्टीवरचे, गाड्या ढकलणारे, सगळे वळून बघू लागले. तळघरात इतकी शांतता फक्त कुणाचा हात यंत्रात सापडला तरच होते.

थोरलीने पदर खोचला.

"पेनाने कोट निळे झाले, ती चूक हिची नव्हती, माझी होती. मी टेबलाखाली फोनवर जुगार खेळत होते. हिने मला पाठीशी घातलं. घराचं वाटोळं केलं मी, लेकीची फी खाल्ली. पण या टेबलावरची काडी उचलली नाही. ज्याला खात्री करायची त्याने आत्ता करावी, माझ्या मागे नको. आता मी टेबलावर नाही. गुरुवारी तीनला मी वर जाणार, तो नाद सोडवायला. मला कुणी दाताचं विचारू नका. झालं. चालू करा."

कुणी चालू करेना. शेवटी गाडी ढकलणारा म्हातारा म्हणाला, "मावशी, फोनवर खेळणं जुगारात धरतात होय?" त्याचा चेहरा असा पडला होता की दोघीतिघी हसल्या, आणि मग कुणीतरी बटण दाबलं.

धाकटी मात्र हसली नव्हती. ती एकटीच एक मोठी चादर दुमडायला झगडत होती. टोक निसटत होतं, जमिनीला लागत होतं. थोरली गेली, समोरचं टोक उचललं. धाकटीने ते हिसकलं नाही, पण डोळेही वर केले नाहीत. दोघी जवळ आल्या, लांब गेल्या.

तीनला वरच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या. एक निवृत्त मास्तर, एक रिक्षावाला, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेली एक बाई, आणखी दोघं. मॅडम म्हणाल्या, नाव सांगायलाच हवं असं नाही. थोरली म्हणाली, "खाली धुलाईत असते. सगळ्यांना सांगून आलेय."

"सगळ्यांना?" सोनेरी चष्म्याच्या हातून रुमाल पडला. "माझ्या घरी वाटतं, मी चित्रकलेच्या क्लासला जाते."

"मग चित्रं कुठली दाखवता?"

बाई हसता हसता रडायला लागली. थोरलीला वाटलं, आल्या आल्याच घाण केली आपण. पण मॅडमनी नुसता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

तिथं कुणी प्रवचन दिलं नाही. बँकेचं काम लेकीच्या हाती द्यायचं ठरलं, चाकाच्या फोनऐवजी बटणांचा साधा फोन. आणि एक नियम: हात शिवशिवला की खोलीतल्या कुणाला तरी फोन लावायचा.

"मी कुणाला फोन करून रडणार नाही," थोरली म्हणाली.

"रडू नका," मास्तर म्हणाले. "शिव्या द्या. मी ऐकेन. आयुष्यभर मुलांना शिव्या देऊ नका म्हणून सांगितलं, आता कान आसुसलेत."

हात शिवशिवला तो लवकरच. तिला आता इस्त्रीच्या रोलरवर लावलं होतं. गरम चादरी पलीकडून बाहेर येत आणि मनगटं भाजत. टेबलावर नवी बाई बसली होती, आतले खिसे विसरणारी. चुकतंय हे लांबून दिसत होतं आणि आपण काही बोलू नये हेही कळत होतं. तेव्हा तिला ते चाक आठवलं, असं आठवलं की तोंडाला पाणी सुटलं. तिने जिन्याखाली जाऊन मास्तरांना फोन लावला आणि चाकाला, चाक बनवणाऱ्याला, त्याच्या फुलांना, त्याच्या घंटेला तोंडाला येईल ते ऐकवलं. पलीकडून मास्तर म्हणाले, "थांबा, ती शेवटची पुन्हा सांगा, ती मी ऐकली नव्हती." दोघं हसले. ती परत रोलरवर आली. नाद गेला नव्हता. त्या दिवसापुरता दाराबाहेर उभा राहिला होता.

मध्ये ती एकदा घसरली. रिक्षावाल्याच्या फोनवर, त्याच्याच समोर, दोघं मिळून. पुढच्या बैठकीत दोघांनी मान खाली न घालता सांगितलं. घरी जाऊन तिने लेकीलाही सांगितलं. लेकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "सांगितलंस ना." नवरा आता गुरुवारी संध्याकाळी काही विचारत नसे, पण चहा त्याने करून ठेवलेला असे. फार गोड होई.

धाकटी किती तरी दिवस बोलली नाही. मग एकदा चादर झटकताना म्हणाली, "मला खोटं पाडलंस ते पाडलंस, वर पगारातलं कापलेलंही शिट्टीने परत दिलं. आता भांडू कशावरून मी तुझ्याशी?"

"कशावरूनही भांड. मी आहे ना."

टेबल थोरलीला परत मिळालं नाही. मिळणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

मग एक गुरुवार असा आला, की पावणेतीनला तिने रोलर दुसरीच्या हाती दिला, एप्रन खुंटीला लावला आणि नेहमीसारखी मोठ्यांदा म्हणाली, "मी वर चालले." कुणी मान वर केली नाही. धाकटीनेही नाही. शिट्टीने हजेरीवर न बघताच काहीतरी खूण केली. एखादी पाणी प्यायला जावी तशी ती गेली.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं, म्हणून ती पुढच्या मोठ्या जिन्याने निघाली. फरशी पुसणारी बाई नुकतीच खाली उतरत आली होती. चकचकीत पायऱ्यांवर थोरलीच्या रबरी चपलांचे ओले ठसे उमटू लागले. एक, मग एक, वर वर जाणारे.

"ओ मावशी!" खालून आवाज आला. "पाय ओले आहेत तुमचे! आत्ता पुसलंय मी!"

थोरलीने कठड्याला धरलं, वळली नाही.

"वाळतील गं," ती म्हणाली आणि चढत राहिली.